रक्तातील नक्कल

जिनातला हजेरीपट उतरविताना कारकुनाची नजर चुकली, तर मजुराचा रोज बुडतो. शरीरातही पेशी दुभागण्यापूर्वी तिच्या डी.एन.ए.ची नक्कल होते. त्याचा दुहेरी पीळ उलगडतो आणि प्रत्येक जुन्या धाग्यासमोर नवा धागा जुळतो; ॲडेनीनसमोर थायमीन, ग्वानीनसमोर सायटोसीन. मेसेलसन व स्टाल यांनी १९५८ साली हे प्रयोगाने दाखविले. एका पेशीत अशा सुमारे ६०० कोटी जोड्या! तरी चूक विरळा, कारण नक्कल करणारे विकरच मागे वळून चूक खोडते.

परंतु एकदा टिकलेली चूक पुढे तितक्याच इमानाने उतरत जाते. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका ॲडेनीनच्या जागी थायमीन आले, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. हाच सिकलसेल, तो आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही आहे. सांधे ठणकून बसलेल्या मजुराला कामचोर ठरविण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावे.

वाहक असणे हा आजार नव्हे. मात्र आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजाराचा संभव चारात एक. म्हणून पत्रिका जुळविण्याआधी दोन्ही घरांनी रक्त तपासून घ्यावे.