चार फूट आणि अर्धा गुण

आमच्या पेडण्यात गोल्फ म्हटलं की आधी आठवतो तो तेरेखोलच्या नियोजित मैदानाचा आणि कुळांच्या जमिनींचा वाद. खेळ कुणी फारसा पाहिलेला नाही. मीही पाहिला तो मोबाईलवर, डिचोलीच्या एका मित्राच्या आग्रहाने.

ऑक्टोबर २०१५, कोरियातलं इंचॉन. प्रेसिडेंट्स कप म्हणजे अमेरिका विरुद्ध युरोप सोडून उरलेलं जग. त्या जगाच्या संघात पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी, या स्पर्धेत खेळणारा पहिला भारतीय. इथे एकूण फटके मोजत नाहीत. प्रत्येक होल वेगळा जिंकायचा. एखाद्या होलवर दहा फटके गेले तरी हरतो तो एकच होल, पुढच्यावर पाटी कोरी. (माझ्यासारख्याला हे फारच आवडलं!)

शेवटच्या दिवशी लाहिरी आणि ख्रिस कर्क अठराव्या होलपर्यंत बरोबरीत. कर्कचा चेंडू पंधरा-एक फुटांवर, लाहिरीचा जेमतेम चार. कर्कने लांबचा घातला. लाहिरीचा मात्र कडेला लागून बाहेर आला. अमेरिका १५½–१४½ ने जिंकली. तो चेंडू आत गेला असता तर अर्धा गुण इकडे आला असता, आणि कप बरोबरीत सुटला असता.

वाटलं, आता याला कोण घेणार? पण २०१७ मध्ये न्यू जर्सीत तो पुन्हा संघात होता. शनिवारीच अमेरिका कप खिशात घालणार, अशी वेळ आली होती. त्या संध्याकाळी लाहिरी आणि कोरियाचा किम सी-वू यांनी आपला सामना जिंकून तो निकाल रविवारवर ढकलला.

कप अमेरिकेनेच नेला. पण तो रविवार मी पूर्ण पाहिला.