नेक्सकार१९

नेक्सकार१९ ही भारतात विकसित झालेली पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती आहे. बी लसिकापेशींपासून उद्भवणाऱ्या रक्ताच्या कर्करोगांवर ती वापरली जाते. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांनी संयुक्तपणे तिचे संशोधन केले असून उत्पादन इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी करते. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्या वापरास परवानगी दिली. टॅलिकॅब्टाजीन ऑटोल्युसेल हे तिचे औषधशास्त्रीय नाव होय.

पार्श्वभूमी

विषाणूची बाधा झालेली पेशी ओळखून ती नष्ट करणे हे रक्तातील टी पेशींचे एक प्रमुख काम आहे. कर्करोगाची पेशी मात्र शरीराच्याच पेशीपासून बनलेली असल्याने टी पेशींच्या नजरेतून ती अनेकदा निसटते. टी पेशीला कृत्रिम ग्राहक बसवून हव्या त्या लक्ष्याकडे वळवता येईल, ही कल्पना इस्रायली शास्त्रज्ञ झेलिग एशार यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस प्रयोगाने मांडली. या ग्राहकाला काइमेरिक अँटिजेन रिसेप्टर म्हणतात. ‘कार’ हे त्याचेच आद्याक्षरी रूप आहे.

कल्पनेपासून रुग्णापर्यंत पोहोचायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. २०१२ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीवर हा उपचार करण्यात आला. तिला तीव्र लसिकापेशी रक्तकर्करोग होता आणि केमोथेरपीनंतरही तो उलटला होता. उपचारानंतर तिची प्रकृती कमालीची ढासळली, तेव्हा संधिवातावरील टोसिलिझुमॅब या औषधाने तिला वाचवले. संशोधक कार्ल जून यांच्या मुलीला संधिवात असल्यामुळे हे औषध त्यांना आधीपासून परिचित होते. आज कार-टी उपचार करणाऱ्या रुग्णालयांत ते हाताशी ठेवले जाते. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत किमरिया या पहिल्या कार-टी उपचाराला मान्यता मिळाली. त्याची किंमत ४,७५,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ३ कोटी रुपये होती. भारतीय रुग्णांच्या दृष्टीने ही मान्यता जवळजवळ निरुपयोगी होती.

कार्यपद्धती

नेक्सकार१९ हे दुकानात मिळणारे औषध नाही. प्रत्येक रुग्णासाठी ते त्याच्याच पेशींपासून स्वतंत्रपणे तयार करावे लागते. प्रथम रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून त्यातील पांढऱ्या पेशी वेगळ्या काढल्या जातात आणि उरलेले रक्त परत शरीरात सोडले जाते. वेगळ्या केलेल्या टी पेशींमध्ये ग्राहकाचे जनुक पोहोचवण्यासाठी लेंटीविषाणूचा उपयोग होतो. एचआयव्ही याच गटातला आहे. मात्र येथे वापरलेल्या विषाणूतील स्वतःच्या प्रती काढण्याची क्षमता काढून टाकलेली असते; पेशीत शिरून जनुक ठेवून येणे एवढेच काम त्याच्याकडे उरते. बदललेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून तपासल्या जातात. दरम्यान रुग्णाला थोड्या मुदतीची केमोथेरपी देऊन शरीरातील जुन्या लसिकापेशी कमी केल्या जातात, म्हणजे नव्या पेशींना वाढायला वाव मिळतो. त्यानंतर या पेशी सलाइनप्रमाणे शिरेतून दिल्या जातात.

नावातील १९ हा आकडा सीडी१९ या प्रथिनाचा आहे. हे प्रथिन बी पेशींच्या पृष्ठभागावर असते. निरोगी बी पेशींवरही ते असल्याने उपचारात त्याही मारल्या जातात. परिणामी प्रतिपिंडे कमी होतात आणि संसर्गाचा धोका वाढतो. तरीही बी पेशींवाचून काही काळ जगता येते व बाहेरून प्रतिपिंडे देता येतात, म्हणूनच हे लक्ष्य निवडणे शक्य झाले. यकृत किंवा हृदयाच्या पेशींबाबत अशी मोकळीक नसते. घन गाठींच्या कर्करोगांत ही पद्धत अद्याप फारशी यशस्वी न होण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

विकास आणि चाचण्या

परदेशातील पहिल्या कार-टी उपचारांत सीडी१९ ओळखणारा भाग उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेला होता. आयआयटी मुंबईतील प्रा. राहुल पुरवार यांच्या गटाने त्याला मानवी प्रतिपिंडाच्या जवळ नेणारे रूप दिले. शरीराने हा भाग परका म्हणून नाकारू नये आणि दुष्परिणाम सौम्य राहावेत, हा त्यामागील हेतू होता. २०१८ मध्ये याच संशोधनातून इम्युनोअ‍ॅक्ट कंपनी सुरू झाली.

४ जून २०२१ रोजी टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक संस्थेत भारतातील पहिल्या रुग्णाला या पेशी देण्यात आल्या. पुढील वैद्यकीय चाचण्यांत डॉ. हसमुख जैन आणि डॉ. गौरव नरुला यांचा प्रमुख सहभाग होता. पहिल्या दोन टप्प्यांत मिळून ६४ रुग्णांचा समावेश होता आणि त्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘द लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मूल्यमापन करता आलेल्या रुग्णांपैकी ७३ टक्के रुग्णांनी उपचाराला प्रतिसाद दिला. इतर उपचार थकलेल्या रुग्णांमधील हा आकडा असल्याने तो लक्षणीय मानला जातो.

प्रतिसाद म्हणजे कायमची बरी झालेली व्याधी नव्हे. अनेक रुग्णांत आजार काही महिन्यांनी पुन्हा उद्भवला. काही वेळा कर्कपेशी सीडी१९ हे प्रथिनच टाकून देतात आणि मग टी पेशींना त्या ओळखता येत नाहीत. साइटोकाइन द्रव्यांच्या उद्रेकाने येणारा तीव्र ताप व रक्तदाबातील घसरण गंभीर स्वरूपात थोड्याच रुग्णांत दिसली. मेंदूवरील गंभीर दुष्परिणामही क्वचितच आढळले. रक्तपेशी घटणे मात्र सर्रास होते आणि उपचाराशी संबंधित दोन मृत्यूही नोंदले गेले. सध्याची परवानगी १५ वर्षे व त्यावरील वयाच्या, आजार उलटलेल्या किंवा इतर उपचारांना न जुमानणाऱ्या रुग्णांपुरती आहे.

किंमत आणि उपलब्धता

४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटी मुंबईच्या पवई येथील परिसरात या उपचाराचे औपचारिक लोकार्पण झाले. तेव्हा त्याची किंमत ३० ते ४० लाख रुपयांच्या आसपास, म्हणजे अमेरिकेतील खर्चाच्या साधारण एक दशांश होती. जनुकवाहक विषाणू आयात न करता स्वतः तयार करणे हे किंमत उतरण्याचे एक महत्त्वाचे कारण ठरले.

तरीही सर्वसामान्य कुटुंबाला हा खर्च पेलणारा नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची वार्षिक मर्यादा २०२३ मध्ये प्रतिकुटुंब ५ लाख रुपये करण्यात आली. उपचाराची किंमत तिच्या कितीतरी पट आहे. शिवाय पेशी दिल्यानंतर सुमारे महिनाभर रुग्णाला रुग्णालयाच्या जवळपास राहावे लागते, कारण गंभीर गुंतागुंत याच काळात उद्भवते. साताऱ्यातील कोरेगाव किंवा सांगलीकडील एखाद्या गावातून येणाऱ्या कुटुंबाला त्यामुळे औषधाच्या किमतीबरोबरच मुंबई-पुण्यातील मुक्कामाची आणि बुडणाऱ्या मजुरीची तजवीज करावी लागते. टाटा रुग्णालयात येणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णांसाठी दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळा अल्प दरात निवासाची सोय करते.