अंगाने बारीक, तरी शुगर कशी? पोटातल्या हार्मोनचा हिशोब बाईचा वेगळा, पुरुषाचा वेगळा

अहिल्यानगर : "अंगावर मांस नाही, दिवसभर रानात राबतो, मला कशाची शुगर?" हे बोलणं जिल्ह्यातल्या कुठल्याही पारावर ऐकू येतं. पण बारीक माणसालाही शुगर होते. याचा महत्त्वाचा अभ्यास आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यातच झाला.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या गावांमध्ये गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. इथली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी होती, पण अंगातली चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. 2004 साली डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचंच उदाहरण दिलं. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखं, बीएमआय 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के निघाली. म्हणून आपल्याकडे काट्यापेक्षा टेप महत्त्वाची.

मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे काय?

पोटाचा घेर जास्त, बीपी 130/85 किंवा वर, उपाशीपोटी शुगर 100 किंवा वर, ट्रायग्लिसराइड 150 किंवा वर आणि चांगलं कोलेस्टेरॉल (एचडीएल) कमी. या पाचपैकी तीन गोष्टी असल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. पुढे शुगर आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. घेराची मर्यादा पुरुषाला 90 सेंटिमीटर (साधारण साडेपस्तीस इंच), बाईला 80 सेंटिमीटर (साधारण साडेएकतीस इंच). एचडीएल पुरुषाचं 40 च्या खाली आणि बाईचं 50 च्या खाली गेलं की कमी धरतात.

आतडं काय निरोप पाठवतं?

पोट रिकामं झालं की जठरातून घ्रेलिन नावाचं हार्मोन निघतं. ते मेंदूला सांगतं, "भूक लागली." जेवण आतड्यात उतरलं की जीएलपी-1 आणि पीवायवाय निघतात. ते सांगतात, "आता बास." जीएलपी-1 जठरातलं अन्न हळूहळू पुढे सोडतं आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. लठ्ठपणात जेवणानंतरही घ्रेलिन हवं तेवढं खाली येत नाही. त्यामुळे खाऊनही समाधान होत नाही.

हल्ली गाजणारी वजन कमी करायची इंजेक्शनं याच जीएलपी-1 ची नक्कल करतात. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत.

ताटाचा परिणाम

बिस्किट, गोड चहा, मैदा, पांढरा भात लवकर पचतो. शुगर झटकन चढते आणि थोड्या वेळात पुन्हा भूक लागते. कडधान्य, पालेभाजी, ज्वारी-बाजरी यातला चोथा मोठ्या आतड्यापर्यंत जातो. तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून जीएलपी-1, पीवायवाय वाढायला मदत होते. मटकी, हुलगा, हरभरा, अंडी यांतल्या प्रथिनांनीही पोट भरल्याचा निरोप लवकर जातो.

जेवणाचा क्रमही कामाचा आहे. आधी भाजी-उसळ आणि मग भाकरी किंवा भात खाल्ला तर जेवणानंतरची शुगर कमी चढते. मात्र भाकरी चांगली म्हणून एका बैठकीला चार खाल्ल्या तर त्याही पिठाची साखर होणारच.

बाई आणि पुरुष

बायकांमध्ये घ्रेलिन साधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त आढळतं आणि पाळी सुरू असेपर्यंत त्यांचं जठर सावकाश रिकामं होतं. इस्ट्रोजेन असेपर्यंत चरबी मांड्या-कंबरेवर बसते. पाळी गेली की ती पोटावर सरकते आणि बाईचा धोका वाढत जातो. पुरुषाच्या पोटावर चरबी लवकर साठते, म्हणून त्याने तिशीपासूनच सावध राहावं.

शरीराच्या या फरकात घरची रीतही भर घालते. अनेक घरांत बाई सगळ्यांच्या मागून जेवते. तोवर उसळ संपलेली असते, उरतो भात आणि पातळ रस्सा. वर उपवास, आणि उपवासाला साबुदाणा, म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. पोट भरतं, पण प्रथिनं आणि चोथा मिळत नाही. उपवासाला भाजलेले शेंगदाणे, दही, ताक, राजगिरा यांना जागा द्यावी. आणि उसळीची वाटी बाईसाठी आधीच बाजूला काढावी. याला पैसा लागत नाही.

काय करावं?

शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेपने घेर मोजा. वय 30 च्या पुढे असेल तर उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात बीपी-शुगर मोफत तपासतात. आशाताईंना विचारा. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता उपवास धरू नका, गोळी बंद करू नका. आणि तपासणीला नवरा-बायकोने जोडीने जा. घरातल्या बाईची तपासणीच सगळ्यात मागे राहते.