दम्याचा पंप : भय कशाचे बाळगावे?

पावसाळा लागला, भिंतींना ओल आली आणि कपाटातील कपड्यांवर बुरशी दिसू लागली, की दम्याच्या रोग्यांचे हाल सुरू होतात. अशा रोग्याला डॉक्टरांनी 'पंप', म्हणजे श्वासावाटे ओढावयाचे औषध, सांगितले तर घरातील वडीलधारी मंडळी हटकून म्हणतात, "एवढ्यात पंप नको, त्याची सवय लागते." तीच मंडळी बाजारातून आणलेली बिननावाची पुडी मात्र निर्धास्तपणे देतात. वस्तुतः भय बाळगावयाचे ते त्या पुडीचे. हे कसे, ते कळण्यासाठी 'स्टिरॉइड' नावाच्या औषधाचे कार्य समजून घेतले पाहिजे.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आहेत. त्यांच्यातून कॉर्टिसॉल हे संप्रेरक, अर्थात हार्मोन, रोज रक्तात मिसळत असते. शरीरातील दाह आवरणे हे त्याचे एक काम. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जर्जर झालेल्या एका स्त्रीला याच जातीचे कॉर्टिसोन टोचले आणि काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडाल व राइखस्टाइन यांना या संशोधनासाठी मिळाले. तथापि या औषधाची दुसरी बाजूही लवकरच उघड झाली.

दम्यामध्ये श्वासनलिकांचे स्नायू आवळतात हे आपण जाणतो; पण मूळ दुखणे नलिकांच्या अस्तराला येणाऱ्या सुजेचे असते. धूळ, धूर, परागकण वा बुरशी यांचे वावडे असलेल्या शरीरात रक्षक पेशी अकारण खवळतात व दाहकारक द्रव्ये सोडतात. स्टिरॉइड पेशीत शिरून तिच्या केंद्रकापर्यंत पोहोचते आणि ही द्रव्ये तयार होण्याचेच काम मंदावते. यास काही तास, कधी काही दिवस लागतात. सालब्युटामॉलचा पंप काही मिनिटांत स्नायू सैल करतो, सूज मात्र तशीच राहते. साहजिकच रोगी तत्काळ गुण देणारा पंप जवळ करतो आणि खरा उपचार अर्ध्यावर सोडतो. केवळ सालब्युटामॉलवर विसंबू नये, असे जागतिक मार्गदर्शक सूचनांनीही २०१९ पासून स्पष्ट केले आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्याच्या दप्तरातील पंप ओळखावा तो रंगावरून नव्हे, वरील औषधाचे नाव वाचून.

आता मात्रेविषयी. ब्रिटनमध्ये १९७२ साली बेक्लोमेथासोनचा पंप आला आणि औषध थेट फुप्फुसात पोहोचविणे साधले. एका फवाऱ्यात सामान्यतः १०० वा २०० मायक्रोग्रॅम स्टिरॉइड असते. प्रेडनिसोलोनची ५ मिलिग्रॅमची लहानशी गोळी म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम, आणि तीही सर्व शरीरभर फिरणार! औषधे निरनिराळी असल्याने ही तुलना तंतोतंत नव्हे. पण अंतर लक्षात यावे. पंपाने तोंडात पांढरी बुरशी धरू शकते, आवाज बसू शकतो; म्हणून औषध घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकावे. मुलांना स्पेसर, म्हणजे पंपाला जोडावयाची पोकळ नळी, लावून औषध देणे सोयीचे जाते.

तीव्र झटक्यात डॉक्टर पाच-सात दिवस गोळ्या देतात, त्या घेतल्याच पाहिजेत. मात्र महिनोन्महिने पोटातून स्टिरॉइड गेले तर चेहरा सुजतो, रक्तातील साखर चढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो. दमा व सांधेदुखीवरील काही 'रामबाण' पुड्यांत नेमके हेच औषध गुपचूप मिसळलेले आढळले आहे. त्यांचा गुण झटपट येतो तो त्यामुळेच. गोरेपणासाठी वा गजकर्णावर मनाने आणलेल्या काही मलमांचीही हीच कथा आहे. गजकर्ण दबल्यासारखे वाटते आणि पसरत जाते.

एक गोष्ट विशेषत्वाने सांगावयाची. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले, की अधिवृक्क ग्रंथी आपले काम थांबवितात. ते अचानक बंद केले तर रक्तदाब उतरून जिवावर बेतते. म्हणून अशी पुडी दीर्घकाळ घेतलेल्या माणसाने, आपली चूक लक्षात आल्यावरही, ती एकाएकी फेकून देऊ नये. ती पुडी तशीच घेऊन त्याने नजीकच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि किती दिवस घेतली ते डॉक्टरांना न लपविता सांगावे. मात्रा हळूहळू उतरविणे हे त्यांचे काम आहे.