गोळ्या संपायच्या आत

आज बचतीचा, कर्जाचा विषय नाही. बीपीच्या आणि शुगरच्या रोजच्या गोळ्यांचा आहे. कोणती गोळी घ्यायची ते डॉक्टर सांगतील. ती घरात संपू कशी द्यायची नाही आणि पुन्हा आणताना घोटाळा कसा टाळायचा, एवढंच मी बोलणार आहे.

आधी माझ्या घरचंच सांगते. सासूबाईंना चार वर्षांपासून बीपीची गोळी आहे. मागच्या सोयाबीनच्या काढणीत गोळ्या संपल्या. “मला काही होत नाही, आधी रान मोकळं होऊ दे,” असं त्या म्हणाल्या आणि मीही ऐकलं. बारा दिवस गेले. उपकेंद्रात सहज मोजलं, तर वरचा आकडा १९०! डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. बीपीचं हेच वाईट आहे, वाढलेलं कळत नाही. कळतं तेव्हा कधी कधी अर्धं अंग गेलेलं असतं.

पुढं आणखी घोळ झाला. उपकेंद्रातून महिन्याच्या गोळ्या मिळाल्या आणि त्याच संध्याकाळी आमच्या मालकांनी तालुक्याच्या दुकानातून जुन्या चिठ्ठीवर दुसरं पाकीट आणलं. नावं वेगळी दिसली, म्हणून सासूबाई दोन्ही घेऊ लागल्या. पाचव्या दिवशी गोठ्यात तोल जाऊन पडल्या. हाड मोडलं नाही, हे नशीब. उपकेंद्रातल्या ताईंनी दोन्ही पाकिटं शेजारी धरून दाखवली. दुकानातल्या पाकिटावरचं ठळक नाव कंपनीनं ठेवलेलं. त्याच्याजवळ बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव होतं, अ‍ॅम्लोडिपिन. सरकारी पाकिटावरही तेच. बीए झालेली सून घरात, आणि बारीक अक्षरं वाचायचं सुचलं नाही!

म्हणून नवं पाकीट हातात आलं की जुन्या रिकाम्या पाकिटाशी ताडून बघा. औषधाचं नाव तेच आहे का, आणि पुढचा मिलिग्रॅमचा आकडाही तोच आहे का. शुगरची मेटफॉर्मिन ५०० चीही येते, १००० चीही. आकडा बदलला असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. गोळ्या कापून देताना बहुतेक वेळा नावाचा किंवा तारखेचा तुकडा दुकानातच राहतो. शक्यतो अख्खं पाकीटच मागा. आणि शेजारणीची गोळी “माझ्यासारखीच दिसते” म्हणून उसनी आणू नका. साखर उसनी चालते, गोळी नाही.

आता आणायची कधी? शेवटच्या गोळीची वाट बघू नका. सात दिवसांच्या उरल्या की निघायचं. उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी असतात. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या तिथं किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात, साधारण महिन्याभराच्या. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. पण कधी साठा संपलेला असतो, कधी ताई मीटिंगला गेलेल्या असतात. हे सात दिवस त्यासाठीच. गोळ्या तिथं नाहीतच मिळाल्या, तर चिठ्ठी घेऊन जनऔषधीच्या दुकानात खऱ्या नावानं मागा, स्वस्त पडतात.

नुसत्या गोळ्या घेऊन माघारी फिरू नका, बीपी मोजून आकडा कार्डावर लिहून घ्या. त्यावरूनच गोळी तीच ठेवायची की बदलायची हे डॉक्टर ठरवतात. एखाद्या दिवशी गोळी राहिली, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. पाय सुजले, चक्कर आली तर मनानं बंद करू नका, जाऊन सांगा.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी निघायच्या आठवडाभर आधीच जावं. किती महिने बाहेर राहणार ते सांगून जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतात का ते विचारावं. कार्ड आणि एक रिकामं पाकीट कपड्यांच्या पेटीत ठेवावं. तिकडच्या सरकारी दवाखान्यात तेच दाखवायचं.

आमच्या गटात आता दुधाचे लिटर लिहितो त्याच कॅलेंडरवर गोळ्यांच्या तारखेला गोल करतो. महिन्याच्या बैठकीला पासबुकासोबत घरातल्या म्हाताऱ्यांची पाकिटंही येतात. हप्ते गोळा होईपर्यंत शाळेत जाणाऱ्या मुली गोळ्या मोजतात, आणि ज्यांच्या दहाच्या आत उरल्यात त्यांची नावं आशाताईंना फोनवर कळवतो. परवाच्या बैठकीत चार नावं निघाली. त्यात एक माझ्या सासूबाईंचं होतं.