निवृत्तीनंतरचे चाकांवरील घर

अमेरिकेत स्थायिक झालेली अनेक मराठी दांपत्ये आज निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. मुले मार्गी लागली, घराचे कर्ज फिटले. यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन मात्र पाहावयाचे राहून गेले. वयाची ६२ वर्षे पूर्ण केलेल्या तेथील नागरिकांस व कायम रहिवाशांस ८० डॉलरमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आजीव प्रवेशपास मिळतो. साहजिकच मोटारीमागे जोडावयाच्या लहानशा ट्रेलरचा विचार मनात येतो. निवड करताना बहुतेकांची दृष्टी प्रथम पडदे, गाद्या आणि ओट्याकडे जाते. ती प्रथम मोटारीच्या दाराकडे जावयास हवी.

चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक लहानशी पट्टी चिकटवलेली असते. माणसे व सामान मिळून गाडीने किती वजन वाहावे, हे तीवर नमूद असते. ट्रेलरच्या पुढच्या दांड्याचा जो भार गाडीच्या हुकावर पडतो, तोही या मर्यादेतच मोजावा लागतो, याची अनेकांना कल्पना नसते.

एक उदाहरण घेऊ. गाडीची ओढण्याची क्षमता ३,५०० पौंड आहे आणि माहितीपत्रकात ट्रेलरचे वजन २,६०० पौंड दिले आहे. वरकरणी नऊशे पौंडांची शिल्लक दिसते. परंतु २,६०० हे रिकाम्या ट्रेलरचे वजन होय. वीस गॅलन पाण्याचे १६६ पौंड, भरलेल्या गॅस सिलिंडरचे सुमारे ३७, बॅटरीचे ५० आणि भांडी, अंथरुणे, खुर्च्या, शिधा यांचे ४०० धरले, तर बेरीज ३,२५३ होते. हुकावरील भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असा संकेत आहे. मधला १३ टक्के धरला तरी तो ४२० पौंडांच्या वर जातो. आणि या क्षमतेच्या अनेक गाड्यांच्या हुकाची मर्यादा ३५० पौंडच असते. ओढण्याच्या हिशेबात उत्तीर्ण झालेला ट्रेलर हुकाच्या हिशेबात असा अनुत्तीर्ण होतो.

सामान मागे सरकवून हा भार कमी करावा, असा मोह होतो. तो घातक आहे. पुढचा भार कमी पडला की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागतो आणि अखेर गाडीलाही फरफटत नेतो. अशा वेळी गाडीचा ब्रेक करकचून न दाबता, वेगवर्धकावरील पाय काढून, ट्रेलरचा स्वतंत्र विद्युत ब्रेक हाताने लावावयाचा असतो. तो ब्रेक व त्याचा नियंत्रक यांवरील खर्चात काटकसर करू नये. यापेक्षा हलका ट्रेलर घेणे केव्हाही श्रेयस्कर.

हलक्यात हलका म्हणजे अश्रूच्या थेंबाच्या आकाराचा ‘टियरड्रॉप’. त्यात केवळ झोपता येते. स्वयंपाक मागचे झाकण उघडून बाहेर उभ्यानेच करावा लागतो. तरुणांना यात मौज वाटते. पहाटे पावसात चहा करावा लागला म्हणजे साठीतल्या माणसांची मौज ओसरते. (अर्थात, फोडणीचा वास उशीला लागत नाही, हा त्याचा लाभ मान्य केला पाहिजे.) त्यापुढची पायरी म्हणजे फायबरग्लासचे साचेबद्ध ट्रेलर. कॅनडातील विनिपेग येथे १९६८ मध्ये आलेला ‘बोलर’ हा त्यातील आद्यांपैकी एक. ‘स्कॅम्प’ व ‘कसिटा’ हे आजचे परिचित अमेरिकी प्रकार. वरचे व खालचे असे दोनच कवच जोडलेले असल्याने त्यांत सांधे कमी, म्हणून गळतीही कमी. लाकडी सांगाड्याच्या ट्रेलरमध्ये छताच्या कडेने झिरपलेले पाणी आतून लाकूड कुजवते. जुना ट्रेलर घेताना कोपरे हाताने दाबून पाहावेत आणि जमीन पायाखाली मऊ लागते का, हे अनवाणी चालून पाहावे.

आतील रचनेत शौचालय व पलंग निर्णायक ठरतात. पलंग आडवा असेल, तर भिंतीकडे झोपणाऱ्याला रात्री उठताना जोडीदारास ओलांडून जावे लागते. जेवणाचे मेज मोडून रोज रात्री पलंग करणे पहिल्या आठवड्यात सोपे वाटते. गुडघे कुरकुरू लागले की तेच काम जड होते. विक्रेत्याकडे दोघांनी खरोखरच आडवे होऊन पाहावे. संकोच करू नये.

आता खर्चाकडे वळू. ट्रेलरसाठी दहा-पंधरा वर्षे मुदतीचीही कर्जे मिळतात आणि लहान हप्ता आकर्षक वाटतो. परंतु ट्रेलरचे मूल्य झपाट्याने घटते. काही वर्षांनी विकावयाची वेळ आली, तर येणाऱ्या किमतीपेक्षा देणे अधिक, अशी अवस्था होऊ शकते. ट्रेलरमध्ये झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचाची सोय असेल आणि कर्ज त्याच्याच तारणावर असेल, तर अटींच्या अधीन राहून त्यास दुसरे घर मानून व्याजाची वजावट मिळू शकते. शौचालय नसलेल्या टियरड्रॉपला ती मिळत नाही. विमा, टायर आणि जागेचे भाडे वेगळे धरावे. अनेक वसाहतींच्या नियमांनुसार ट्रेलर दारात उभा करता येत नाही.

खरेदीपूर्वी त्याच जातीचा ट्रेलर आठवडाभर भाड्याने घ्यावा. निघताना तो पूर्ण भरून सार्वजनिक वजनकाट्यावर न्यावा आणि आलेला आकडा दारावरील पट्टीशेजारी ठेवून पाहावा.