सर्व्हरच्या जोडीत बेबनाव

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११.४०च्या सुमारास राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार थांबले. आंबिवलीत घरबसल्या उलाढाल करणारा गुंतवणूकदारही अडकला. मुख्य केंद्राला पर्यायी केंद्राशी जोडणाऱ्या दूरसंचार वाहिन्या अस्थिर झाल्या होत्या. व्यवहार पूर्ववत सुरू झाले ते थेट दुपारी पावणेचारला!

जोडीतील सर्व्हरची माहिती जुळेनाशी झाल्याचा इशारा मिळताच घाईने सर्व्हर बदलणे सर्वांत घातक. केवळ दुवा तुटला, तरी मुख्य सर्व्हर बंद पडल्याचा समज होऊन राखीव सर्व्हर कारभार हाती घेऊ शकतो. मग दोघेही स्वतंत्र नोंदी करू लागतात. म्हणून आधी वाहिनी, मग दोन्हींची घड्याळे, त्यानंतर शेवटची जुळलेली नोंद तपासावी. अद्ययावत प्रत कोणती, हे ठरल्याखेरीज दुसरी पुसू नये.